चुन्यावाचून आलेला मका

मुंबईच्या हॉटेलांचा इतिहास कोणी नीट लिहील, तर तो पोटासाठी मुंबईला आलेल्या माणसांचाच इतिहास होईल. गिरणगावात कामगारांच्या खानावळी निघाल्या. नाक्यानाक्यावर इराण्यांची संगमरवरी टेबले आली. मागोमाग उडप्यांची इडली आली, फाळणीनंतर पंजाब्यांचा तंदूर पेटला. १९७५ साली क्रिकेट क्लबच्या मुदपाकखान्यात नेल्सन वँग नावाच्या, कलकत्त्यात जन्मलेल्या चिनी आचाऱ्याने ‘चिकन मांचुरियन’ हा पदार्थ केला. मांचुरियात तो कोणाला ठाऊक नव्हता. पण आज आमच्या चांदवडात संध्याकाळी गाडीवर कोबीचे मंचुरियन तळले जाते आणि शाळा सुटली की मुलांचा घोळका तिथे जमतो. आता या पंगतीत आणखी एक पान मांडले गेले आहे, ते मेक्सिकोचे. ‘टाको बेल’ या अमेरिकन कंपनीचे देशातले पहिले दुकान २०१० साली बंगळुरूला निघाले. मुंबईत वांद्रे, खार, कुलाबा या बाजूंना मेक्सिकोच्या नावाने चालणारी उपाहारगृहे आता नवलाईची राहिलेली नाहीत.

दिवाळीच्या सुटीत मुंबई-पुण्याहून घरी येणारी मुले टाको, बरिटो, नाचोज ही नावे घेऊन येतात, आणि माजघरातून प्रश्न येतो, “म्हणजे काय असतं रे ते?” त्यांचे उत्तर आधी देऊन टाकतो. टाको म्हणजे मक्याची तळहाताएवढी पातळ भाकरी. तिच्यात मांस किंवा भाजी घालायची, वर चटणी, आणि दुमडून हातानेच खायची. बरिटो ही गव्हाच्या मोठ्या पोळीची भरलेली वळकटी; ती मेक्सिकोच्या उत्तर सरहद्दीकडची. नाचोज म्हणजे मक्याच्या भाकरीचे तळलेले तुकडे आणि वर वितळलेले चीज. हा पदार्थ पुरातन वगैरे मुळीच नाही. १९४३ साली सरहद्दीवरच्या एका गावी इग्नासियो अनाया या माणसाने, पलीकडून आलेल्या अमेरिकन बायकांना खायला काहीतरी द्यायचे म्हणून तो केला. त्याचे लाडके नाव ‘नाचो’, तेच पदार्थाला चिकटले.

पण मला कुतूहल आहे ते निराळ्याच गोष्टीचे. या ताटात परके म्हणावे असे आहे तरी काय? भाकरी मक्याची, उसळ राजम्याची, चटणी टोमॅटोची आणि हिरव्या मिरचीची. लोणी फळ सोडले, तर यातला एकही जिन्नस चांदवडच्या बाजारात मिळत नाही असे नाही. मका तर आमच्या तालुक्यात आणि शेजारच्या येवल्याकडे बाजरीच्या वावरात पसरत चालला आहे. टोमॅटोचा मोठा बाजार पिंपळगाव बसवंतला भरतो. कांदा आणि कोथिंबीर मात्र तिकडची नव्हेत. ती आपल्या बाजूच्या जगातून तिकडे गेली. आमच्या लासलगावकरांना हे ऐकून बरे वाटेल.

स्पेनचा हर्नान कोर्तेस १५१९ साली मेक्सिकोच्या किनाऱ्याला लागला, आणि दोन वर्षांत त्याने अॅझ्टेकांची तळ्यात वसलेली राजधानी तेनोच्तित्लान धुळीला मिळवली. आजचे मेक्सिको शहर तिच्याच मातीवर उभे आहे. कोर्तेसच्या फौजेतला बर्नाल दियास हा शिपाई म्हातारपणी आठवणी लिहायला बसला, तेव्हाही त्लातेलोल्कोचा बाजार त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. सहागून नावाच्या स्पॅनिश पाद्र्याने त्याच शतकात तिथल्या लोकांना विचारून विचारून मोठा ग्रंथ तयार केला. त्यात बाजारात शिजवलेले अन्न विकणाऱ्या बायकांची, त्यांच्या परोपरीच्या भाकऱ्यांची, रश्शांची आणि तामालांची लांबलचक यादी आहे. तामाल म्हणजे मक्याचे पीठ कणसाच्या सालीत बांधून उकडलेले. आपल्या हळदीच्या पानातल्या पातोळ्यांचा लांबचा भाऊ. घराबाहेर पैसे, तिकडे कोकोच्या बिया, मोजून जेवण्याची चाल त्या शहरात पाचशे वर्षांपूर्वीही होती. टोमॅटो, चॉकलेट, चिली हे शब्द त्याच लोकांच्या नाउआत्ल भाषेतून जगभर गेले.

तिथून आपल्याकडे काय काय आले ते मोजू लागलो की बोटे पुरत नाहीत. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवे घेतले, आणि पुढे त्यांच्या जहाजांतून मिरची उतरली. मुंबईकडे तिला पूर्वी ‘गोवाई मिरची’ म्हणत. तिने मिरे आणि पिंपळी यांना असे काही हुसकले, की मिरचीविना मराठी स्वयंपाक होता ही गोष्ट सांगितली तर शाळेतली मुले हसतात. पेरू आला, चिकू आला. दसऱ्याला ज्याचे तोरण आपण दाराला बांधतो आणि दिवाळीत ज्याच्या माळा सोडतो, तो झेंडूही मूळचा मेक्सिकोचाच. तिकडे १ आणि २ नोव्हेंबरला पितरांचा सण असतो. गेलेल्या माणसांना घरची वाट सापडावी म्हणून लोक झेंडूच्या पाकळ्यांचा रस्ता करतात.

आणि चांदी. आमच्या चांदवडचा मेक्सिकोशी काही ऋणानुबंध असेल तर तो या चांदीच्या वाटेने. हिंदुस्थानात चांदीच्या खाणी नावालाच. रुपयासाठी लागणारी चांदी शतकानुशतके बाहेरून येई. अठराव्या शतकात जगातली सर्वाधिक चांदी मेक्सिकोच्या खाणींतून निघत होती. तिकडची नाणी युरोपातून, तांबड्या समुद्रातून, इराणच्या आखातातून सुरतेसारख्या बंदरांत येत, वितळत आणि इथले शिक्के घेऊन बाजारात फिरत. त्याच काळात चांदवडला मराठ्यांची टाकसाळ होती. तिच्या रुपयावर ‘जाफराबाद उर्फ चांदोर’ अशी फारसी अक्षरे असत. लोकांच्या तोंडी तो ‘चांदवडी रुपया’. अहिल्याबाईंचा रंगमहाल पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना मी एवढे सांगतो, की ज्या रुपयात इथल्या शिपायांचे पगार झाले त्यातली थोडीबहुत चांदी ग्वानाह्वातोच्या डोंगरातली असणे अगदी संभवनीय आहे. पाहुणे मान डोलावतात आणि महालाच्या भिंतीवरची चित्रे पाहायला पुढे जातात.

वस्तू आल्या, वस्तूंबरोबर त्या हाताळणारे हात आले नाहीत. माझे सगळे सांगणे या एका वाक्यात आहे, आणि त्याचे सर्वांत मोठे उदाहरण मका.

मेक्सिकोतली बाई मका नुसता दळत नाही. संध्याकाळी दाणे पाण्यात घालून त्यात चुना टाकते. शंभर भाग मक्याला साधारण एक भाग. थोडा वेळ उकळते आणि रात्रभर तसेच झाकून ठेवते. सकाळी दाण्यावरचे टरफल बोटाने चोळताच सुटते. मग दाणे दोनतीन पाण्यांनी धुऊन, पाय असलेल्या उतरत्या पाट्यावर वाटायचे. या पिठाचा गोळा आपल्या कणकेसारखा धरतो; त्याची भाकरी पातळ होते, दुमडली तर मोडत नाही. नुसत्या मक्याच्या पिठाची भाकरी थापताना कशी चिरते, हे जिने थापली असेल तिला विचारावे. ही चुन्याची रीत तीन हजार वर्षांहून जुनी आहे. तिचे नाव निश्तामाल.

चुन्याने भाकरी मऊ होते एवढेच नाही. मक्यात नायसिन नावाचे एक जीवनसत्त्व असते, पण ते कुलपात असल्यासारखे. पोटात जाऊनही अंगी लागत नाही. चुना ते कुलूप काढतो. मेक्सिकोच्या बायकांना नायसिन ठाऊक नव्हते, पण त्यांच्या रीतीला ठाऊक होते असे म्हणावे लागते. स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला, चुना तिथेच राहिला. त्याची किंमत गरिबांनी दिली. १७३५ साली स्पेनमध्ये गास्पार कासाल या वैद्याने एक चमत्कारिक रोग पाहिला: उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर लाल चट्टे, मग जुलाब, मग बुद्धिभ्रंश, मग मरण. इटलीत त्याला ‘पेलाग्रा’ हे नाव पडले. मक्याच्या घाट्यावरच जगणारी लोम्बार्डी आणि व्हेनेतोकडची शेतकरी कुटुंबे त्याने पोखरली. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात हजारो माणसे त्याने मेली. तो जंतूंचा रोग नसून निकस अन्नाचा आहे हे जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१५ च्या सुमारास दाखवून दिले, आणि नायसिनचा शोध १९३७ मध्ये लागला. त्या सगळ्या काळात मेक्सिकोतला कंगालातला कंगाल माणूसही, चुन्यातला मका खात असल्यामुळे, या रोगापासून बहुतांशी दूर होता.

आपल्या दख्खनलाही हा रोग अनोळखी नव्हता. इथे मक्याऐवजी ज्वारी. ज्वारीवाचून दुसरे काही ताटात न पडणाऱ्या मजुरांत पेलाग्रा का होतो, याचा अभ्यास हैदराबादेत सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी केला आणि १९६० मध्ये प्रसिद्ध केला. भाकरीला नावे ठेवण्यासाठी हे सांगत नाही. भाकरीबरोबर वरण आणि भाजी असेल तर ती अमृत आहे. नुसत्या भाकरीवर दिवस काढावे लागणे हा रोगाहून मोठा रोग.

मला हळहळ वाटते ती अशी. युरोपातल्या घरात चुना नव्हता, म्हणून त्यांना सुचले नाही असे धरून चालू. पण आपल्याकडे? पानाच्या तबकात चुन्याची डबी नाही असे मराठी घर जुन्या काळी शोधून सापडले नसते. कोहळ्याच्या फोडी कडक राहाव्यात म्हणून त्या चुन्याच्या निवळीत टाकणारी, लहान मुलाला तीच निवळी पाजणारी आजी घरोघर होती. मका परसात उभा, चुना माजघरात. मध्ये अंतर होते दहा पावलांचे, आणि ते चारशे वर्षांत कोणी चालले नाही. कारण सांगणारी बाई जहाजात नव्हती. जहाजात खलाशी होते, पाद्री होते, व्यापारी होते. त्यांनी आयुष्यात कधी भाकरी थापली नव्हती.

हाच प्रकार निवडुंगाचा. फड्या निवडुंगावर बसलेला गरुड दिसला तिथे शहर वसवावे, अशी अॅझ्टेकांची कथा. तेच चित्र आज मेक्सिकोच्या झेंड्यावर आहे. त्याच्या कोवळ्या फड्यांची भाजी तिथे रोजच्या जेवणात असते. आपण त्याचे कुंपण केले, दुष्काळात काटे जाळून तो गुरांपुढे टाकला, फार माजला तेव्हा त्याला खाणारे किडे सोडून त्याचा निकाल लावला. माणसाच्या ताटात काही तो आला नाही. बांधावरचे घायपात आपण वाख काढण्यापुरते ओळखतो. तिकडे त्याच्या जातभाईंचे गड्डे भाजून मेस्काल आणि टकिला काढतात. या शेवटच्या विद्येवाचून आपले फारसे अडले नाही असे मास्तर म्हणून मला म्हटले पाहिजे.

हात तिकडून आले नाहीत; पण एक मराठी हात मात्र तिकडे गेला. पांडुरंग सदाशिव खानखोजे, वर्ध्याचे. टिळकांच्या काळात क्रांतीच्या वेडाने घर सोडलेले, अमेरिकेत शेतकी शिकलेले, गदर पक्षाच्या उभारणीतले एक. पहिल्या महायुद्धात ते इराणच्या डोंगरांत इंग्रजांशी लढले. मग बर्लिन, मॉस्को. मायदेशाचा दरवाजा बंद. १९२४ मध्ये ते मेक्सिकोत उतरले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय शेतकी विद्यालयात शिक्षक झाले. तिथे क्रांती होऊन गेली होती, जमिनी वाटल्या जात होत्या, पण नांगर हाती आलेल्या शेतकऱ्याला शिकवणार कोण? खानखोज्यांनी शेतकऱ्यांसाठी मुक्त शेतकी शाळा काढल्या. मक्याचा रानटी भाऊबंद तेओसिंते आणि मका यांचा संकर करून नवी वाणे काढण्याचा उद्योग केला. त्यांच्या कणसांची छायाचित्रे तीना मोदोत्ती या नामवंत छायाचित्रकार बाईंनी घेतली. मेक्सिको शहरातल्या शिक्षण खात्याच्या इमारतीत दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने भिंतींवर चित्रे काढली. त्यांतल्या ‘आमची भाकरी’ या १९२८ च्या चित्रात गरीब माणसे मेजाभोवती बसली आहेत आणि मधला एक माणूस रोटी मोडून वाटतो आहे. तो माणूस म्हणजे आपले खानखोजे, असे मानले जाते. जगातल्या त्या थोर शहरात, जिथे पाहुणे चित्रे पाहायला आणि जेवायला जातात, तिथल्या भिंतीवर यजमानाच्या जागी वर्ध्याचा माणूस बसला आहे!

स्वातंत्र्यानंतर ते परतले, नागपूरला राहिले आणि १९६७ मध्ये तिथेच वारले. २०२२ मध्ये चापिंगोला त्यांचा पुतळा उभा राहिला. आमच्या शाळेत सावरकरांचे, टिळकांचे नाव न ऐकलेले मूल नाही. खानखोजे हे नाव मी फळ्यावर लिहितो तेव्हा मुले आडनावाला हसतात. पुढे गोष्ट ऐकल्यावर हसायची थांबतात.

मेक्सिकोलाही स्वतःच्या भाकरीची लाज वाटत होती, हे इथे सांगायला हवे. पोर्फिरिओ दियासच्या अमदानीत, म्हणजे १८७६ ते १९११ च्या दरम्यान, राजधानीतल्या बड्या मेजवान्यांचे पदार्थ फ्रेंच असत आणि पदार्थांची यादीही फ्रेंचमध्ये छापलेली असे. १८९९ मध्ये फ्रान्सिस्को बुल्नेस या पंडिताने तर मनुष्यजातीचे गहू खाणारे, तांदूळ खाणारे आणि मका खाणारे असे तीन भाग पाडून मका खाणाऱ्यांना सर्वांत हीन ठरवले. हे वाचताना मला आमच्या वर्गातली मधली सुटी आठवते. पोळी आणणारे मूल डबा उघडा ठेवून जेवते. भाकरी आणणारे झाकणाआडून खाते. त्याला बुल्नेस कोणी शिकवलेला नसतो.

ती लाज जायला त्या शहराला शंभर वर्षे लागली. २००० साली एन्रिके ओल्व्हेरा या आचाऱ्याने मेक्सिको शहरात ‘पुहोल’ हे उपाहारगृह काढले आणि गावठी मका, मिरच्यांचा ‘मोले’ नावाचा दाट रस्सा, हे सारे उंची मेजावर आणून ठेवले. तिथला जुना मोले रोज नवी भर घालून जिवंत ठेवतात. आपल्या विरजणासारखाच तो प्रकार. २०१० मध्ये युनेस्कोने मेक्सिकोच्या परंपरागत स्वयंपाकाला मानवजातीच्या वारशात घेतले. २०२४ मध्ये मिशेलिन या फ्रेंच कंपनीच्या मार्गदर्शिकेने तिथल्या उपाहारगृहांना प्रथमच तारे दिले. त्यांतला एक तारा ‘एल कालिफा दे लेओन’ या १९६८ पासूनच्या, उभ्याउभ्या टाको खाण्याच्या इवल्याशा दुकानाला मिळाला. फ्रेंचांच्या यादीत शेवटी मक्याची भाकरी गेली.

मागच्या वर्षी मुंबईला गेलो असता माझा एक जुना विद्यार्थी मला तो काम करतो त्या वांद्र्याच्या मेक्सिकन उपाहारगृहात घेऊन गेला. आमच्याच तालुक्यातला, वडिलांची चार एकर जमीन. दुपारी गिऱ्हाईक नव्हते. मी विचारले, “हे सगळं खरं मेक्सिकोचं का रे?”

तो हसला. “कसलं सर! पुष्कळ ठिकाणी पोळी मैद्याची, नाहीतर पाकिटातली. चीज इतकं घालायचं की खाली काय आहे ते कळू नये. पण आमचे मोठे आचारी तिकडे शिकून आलेत. या, दाखवतो.”

आत एका पातेल्यात पिवळट पाण्यात मका भिजत होता. त्याने मूठभर दाणे काढून माझ्या तळहातावर ठेवले. “चोळा, सर.” टरफले निसटली.

“चुना कुठला?”

“कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडचा. खायचा चुना. पहिल्यांदा त्यांनी सांगितलं तेव्हा मला वाटलं थट्टा करताहेत.”

भाकरी त्याने यंत्राने दाबली, तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकली, आणि ती आमच्या भाकरीसारखीच फुगली. वास ओल्या भिंतीसारखा, म्हणजे चांगला. टाकोची किंमत मी यादीत वाचली आणि वही मिटावी तशी यादी मिटली. एका प्लेटीत तीन आले.

दिवाळीला तो गावी आला तेव्हा त्याने आपल्या घरीही पातेले चढवले. त्याची आई मक्याचे पीक दरसाल व्यापाऱ्याच्या काट्यावर घालते. तिथून ते कोंबड्यांच्या खाद्याला जाते. आपला मका माणसे एवढे पैसे देऊन खातात हे तिला पटेना. पण चुन्याचे पाणी पाहून ती म्हणाली, “पापडखारासारखंच की हे. मग कुणी आधी सांगितलं का नाही?” भाकरी तिने यंत्राविना थापली. जमली, पण मुलाचे समाधान झाले नाही. म्हणाला, हा संकरित मका कोंबड्यांसाठीच केलेला आहे, याला चव नाही. गावठी पांढरा मका हवा. चांदवड तालुक्यात त्याने चार ठिकाणी विचारले. मिळाला नाही. कोणीतरी सांगितले, सातपुड्यात धडगावकडे भिल्लांच्या घरी अजून गावठी मक्याची कणसे आढ्याला टांगलेली असतात, आणि रोजची भाकरी त्याचीच. भाऊबीज उरकून तो धडगावच्या गाडीत बसला. जाताना आईने बजावले, “बी पण माग थोडं. पैसे दे, पण माग.”